सपाट रस्ता सर्वांचा असतोच असे नाही

वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

गेल्या अंकात आम्ही सीमाभागातील वाचकांना एक प्रश्न विचारला होता. बाजारपेठेतील रस्त्यावर पदपथ वेगळा आणि वाहनांची वाट वेगळी अशी विभागणी न ठेवता सगळा रस्ता एका पातळीवर आणावा आणि तो पादचारी, सायकलस्वार व वाहनचालक यांनी मिळून वापरावा, ही कल्पना आपल्या गावाला कितपत मानवेल, असा तो प्रश्न होता. अशा रस्त्याला या सदरात ‘सामायिक रस्ता’ म्हटले आहे. बेळगाव शहर, खानापूर, निपाणी आणि चिकोडी या भागांतून आलेल्या पत्रांपैकी काहींना येथे उत्तरे दिली आहेत. पत्रलेखकांची नावे छापलेली नाहीत.

प्रश्न : मी शहापूर येथे राहणारा निवृत्त शिक्षक असून माझी दृष्टी पूर्णपणे गेलेली आहे. पांढऱ्या काठीच्या आधाराने मी खडे बाजारापर्यंत एकटा जाऊन येतो. आमच्याकडील काही उत्साही मंडळी पदपथाची कड काढून रस्ता सपाट करावा असे सुचवीत आहेत आणि त्यामुळे दिव्यांगांची मोठी सोय होईल असे मला समजावून सांगत आहेत. मला मात्र धास्ती वाटते. ती अनाठायी आहे काय?

उत्तर : आपली धास्ती रास्त आहे आणि काम सुरू होण्यापूर्वीच ती आपण बोलून दाखविली हे फार बरे झाले. रस्ता सपाट केला की तो आपोआप सर्वांना सुगम होतो, असा समज आपल्याकडे पसरलेला आहे. चाकाच्या खुर्चीवरून जाणाऱ्याला पदपथाची कड भिंतीसारखी आडवी येते हे खरेच आहे. परंतु काठीने वाट काढणाऱ्याला तीच कड आधार देते, कारण काठीचे टोक कडेला लावत चालले की आपण पदपथावर आहोत की वाहनांच्या वाटेत, हे पावलोपावली कळत राहते. ती कड सरसकट काढून टाकली, तर एकाची अडचण दूर करताना दुसऱ्याची वाटच पुसली जाते.

ही कल्पना मुळात कोठून आली हे पाहिले म्हणजे गफलत कोठे झाली तेही ध्यानात येते. १९६० च्या दशकाच्या अखेरीस नेदरलँड्समधील डेल्फ्ट शहरात राहत्या वस्तीतील गल्ल्या अशा रीतीने बदलण्यात आल्या की, झाडे, वळणे आणि बसण्याच्या जागा यांतून वाट काढताना मोटारीला वेग घेताच येऊ नये. त्यांना तेथे वोनर्फ म्हणतात. १९७६ मध्ये त्या देशाच्या कायद्याने त्यांना मान्यता दिली आणि मोटारींनी तेथे माणसाच्या चालीनेच जावे असे बंधन घातले. या गल्ल्यांतून आरपार जाण्याचे बाहेरच्या वाहनांना काही कारण नव्हते. जे चालक तेथे येत ते बहुधा तेथलेच रहिवासी असत, हे विसरता कामा नये. पुढे हान्स मॉन्डरमन या डच वाहतूक अभियंत्यांनी हाच विचार वर्दळीच्या ठिकाणी नेला आणि द्राख्टन या शहरातील एका मोठ्या चौकातून सिग्नल काढून टाकले. फलक आणि दिवे नसले म्हणजे चालक समोरच्या माणसाकडे पाहतो, नजरेला नजर मिळते आणि कोणी आधी जायचे हे दोघांत ठरते, असे त्यांचे म्हणणे होते. डोळस माणसांच्या बाबतीत ते बऱ्याच अंशी खरेही ठरले. पण सगळी भिस्त नजरानजरेवर ठेवली की ज्याला नजरच नाही तो त्या व्यवहारातून बाहेर पडतो. लहान मूल गाडीच्या बॉनेटपेक्षा बुटके असते, म्हणून चालकाला ते दिसतच नाही. आणि स्मृतिभ्रंश झालेल्या वृद्धाला समोरच्याचा इशारा उमगेलच याची खात्री नसते.

लंडनमध्ये संग्रहालयांच्या भागातील एक्झिबिशन रोड हा रस्ता २०१२ च्या ऑलिंपिकपूर्वी कड काढून एका पातळीवर आणण्यात आला, तेव्हा तेथील दृष्टिहीनांच्या संस्थांनी नेमका हाच आक्षेप घेतला होता. अशा अनेक कामांवरून तक्रारी वाढल्यानंतर २०१८ मध्ये ब्रिटिश सरकारने स्थानिक संस्थांना वर्दळीच्या रस्त्यांवरील एकपातळी योजना थांबवून ठेवण्यास सांगितले. राहत्या वस्तीतील शांत गल्ल्यांना मात्र त्यातून वगळण्यात आले होते. म्हणजे कल्पनाच मोडीत काढण्यात आली असे नव्हे. ती जेथे शोभते तेथेच ठेवण्यात आली.

म्हणून आपल्या गल्लीतील मंडळींना नुसता नकार देऊ नका, अट घाला. घरांच्या आणि दुकानांच्या रांगेला लागून एक अखंड पट्टा केवळ चालणाऱ्यांसाठी राखलेला असावा. त्यात दुचाकी, पाटी किंवा मालाची पोती काहीही येता कामा नये आणि त्याची सीमा काठीला व पायाला निःसंशय कळली पाहिजे. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये २००९ साली झालेल्या प्रयोगांत असे आढळले की, कड साठ मिलिमीटरपेक्षा कमी उंचीची असेल तर दृष्टिहीन व्यक्तींना ती खात्रीने ओळखता येत नाही. तेव्हा पंधरा सेंटिमीटरची उंच कड नको असेल तर निदान सहा सेंटिमीटरची ठेवावी, आणि जेथे चाकाची खुर्ची ओलांडणार तेवढीच जागा उतरती करून तेथे खुणेच्या फरश्या बसवाव्यात. या फरश्या जपानमधील सेइची मियाके यांनी १९६५ मध्ये तयार केल्या आणि १९६७ च्या मार्चमध्ये ओकायामा शहरात अंधशाळेजवळच्या रस्त्यावर त्या पहिल्यांदा बसविण्यात आल्या. लांब पट्ट्यांची फरशी ‘या दिशेने चालत राहा’ असे सांगते आणि गोल ठिपक्यांची फरशी ‘थांबा, पुढे काहीतरी आहे’ असे सांगते. पिवळा रंग शोभेसाठी नसतो. अंधूक दिसणाऱ्यांना करड्या रस्त्यावर तो उठून दिसावा म्हणून असतो. सुशोभीकरणाच्या नावाखाली करड्या दगडात करड्याच रंगाच्या फरश्या बसविणारा वास्तुविशारद त्या फरश्यांचे निम्मे काम वाया घालवतो.

प्रश्न : गणपत गल्लीत आमचे पिढीजात कापडाचे दुकान आहे. वाहने कमी केली तर खेड्यांतून येणारे गिऱ्हाईक तुटेल, आणि माल उतरवायचा कसा हाही प्रश्न आहे. शिवाय आमच्या गल्लीत दोन्ही बाजूंना पदपथ बांधावेत एवढी जागाच नाही. मग हे सगळे बोलणे व्यर्थ नाही काय?

उत्तर : जागा नाही, या आपल्या म्हणण्यातच सामायिक रस्त्याची खरी बाजू दडलेली आहे. भारतीय रस्ते परिषदेच्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे पदपथावर चालण्यासाठी निदान १.८ मीटर मोकळी रुंदी हवी. गल्ली सहा मीटरची धरली तर दोन्ही बाजूंचे मिळून ३.६ मीटर पदपथासाठी जातात आणि मधे २.४ मीटर उरतात. त्यातून एक टेम्पो कसाबसा जाईल, पण समोरून दुचाकी आली तर ती पदपथावरच चढणार. अशा ठिकाणी अर्ध्या मीटरचे दोन नाममात्र पदपथ बांधणे ही शुद्ध फसवणूक आहे, कारण त्यावरून कोणीच चालत नाही आणि त्यांच्या कडेला अडखळून माणसे पडतात. जुन्या बेळगावातील अरुंद गल्ल्यांना सामायिक रस्ताच योग्य आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. काँग्रेस रोड, कॉलेज रोड किंवा खानापूर रोड यांसारख्या मोठ्या रस्त्यांवर मात्र ही कल्पना आणूच नये. तेथे उंच, सलग आणि स्वतंत्र पदपथ हवा. जागा वाचते म्हणून मोठ्या रस्त्यालाही ‘सामायिक’ असे गोंडस नाव देऊन पदपथच गाळून टाकण्याचा मोह प्रशासनाला होऊ शकतो. त्याबाबत नागरिकांनी सावध राहावे.

आता गिऱ्हाइकाविषयी. दुकानासमोर सकाळी लावलेली आणि रात्रीच हलणारी दुचाकी बहुधा गिऱ्हाइकाची नसते, ती दुकानातील माणसांची असते, हे आपण एक दिवस उभे राहून पाहिलेत तर आपल्यालाही पटेल. मालाच्या गाड्यांना सकाळी बाजार भरण्यापूर्वीची आणि रात्रीची वेळ ठरवून देता येते. रुग्णवाहिका, अग्निशामक बंब आणि दिव्यांग व्यक्तीला घेऊन येणारी रिक्षा यांना कोणत्याही वेळी आत येऊ दिले पाहिजे. ‘वाहनमुक्त’ म्हणून लोखंडी खांब ठोकून ज्याला चालता येत नाही त्यालाच बाहेर ठेवणे हा अन्यायच होय. खांब लावायचेच झाले तर दोन खांबांत निदान १.२ मीटरचे अंतर असावे, म्हणजे चाकाची खुर्ची सहज जाईल. पुणे महानगरपालिका २०२१ पासून ११ डिसेंबरला लक्ष्मी रस्त्याचा काही भाग वाहनांना बंद ठेवून पादचारी दिन पाळते. कायमचा बदल करण्याआधी असा एखादा दिवस व्यापाऱ्यांनी स्वतः पुढाकार घेऊन पाळावा आणि त्या दिवशीचा गल्ला पाहूनच बोलावे, हे मला अधिक प्रामाणिक वाटते.

प्रश्न : मी खानापूरची रहिवासी असून माझी मुलगी चाकाची खुर्ची वापरते. आमच्याकडे काही ठिकाणी पदपथाला उतार केलेले आहेत, परंतु त्यांवरून खुर्ची चढवताना मला पूर्ण ताकद लावावी लागते आणि पावसाळ्यात तर ते निरुपयोगीच होतात. उतार म्हणजे नेमका कसा असावा?

उत्तर : ताई, आपण जे सोसता आहात त्याचे मूळ साध्या हिशेबात आहे. एक भाग उंचीसाठी बारा भाग लांबी, हे उताराचे मान्य प्रमाण आहे. पदपथ पंधरा सेंटिमीटर उंच असेल तर उतार १.८ मीटर लांब व्हायला हवा. प्रत्यक्षात गवंड्याला तेवढी लांबी कोणी सांगितलेली नसते, म्हणून तो हाताच्या अंदाजाने दीड-दोन फुटांत सिमेंट लिंपून मोकळा होतो, आणि मग तो उतार खुर्चीसाठी न राहता दुचाकी पदपथावर चढविण्यासाठी वापरला जातो. बरे, १.८ मीटरचा उतार काढला आणि पदपथही तेवढाच रुंद असला, तर सगळा पदपथच तिरपा होतो आणि सरळ जाणाऱ्याची खुर्ची एका बाजूला कलते. त्यामुळे अरुंद पदपथावर कोपऱ्याचा संपूर्ण भागच हळूहळू खाली उतरवावा. याहून चांगला उपाय म्हणजे रस्ता ओलांडण्याची जागाच पदपथाच्या पातळीपर्यंत उचलून घ्यावी. अशा उंचावलेल्या ओलांडणीवर चढायचे वाहनाला असते, माणसाला नाही. चालकाला वेग उतरवावाच लागतो आणि आपल्या मुलीची खुर्ची एका पदपथावरून दुसऱ्या पदपथावर सपाट जाते.

पावसाचा मुद्दा आपण काढलात तो फार महत्त्वाचा आहे, आणि बाहेरून आणलेले नकाशे आपल्या भागात फसतात ते बहुधा येथेच. खानापूरच्या पावसात रस्त्याचे पाणी कडेने वाहत येते आणि जेथे कड खाली उतरलेली असते नेमके तेथे साचते. उताराच्या पायथ्याशी घोटाभर पाण्याचे डबके होते, त्याखाली खड्डा आहे की फरशी फुटली आहे हे दिसत नाही, आणि खुर्चीची पुढची लहान चाके त्यातच रुततात. म्हणून उताराच्या वरच्या अंगाला, म्हणजे पाणी जिकडून येते त्या बाजूला, पाणी आत घेणारी जाळी हवी. उंचावलेल्या ओलांडणीखालून पाणी जाण्यासाठी पुरेसा नळ टाकलेला हवा. नाहीतर ती ओलांडणी बांधासारखी पाणी अडवते आणि पहिल्याच पावसानंतर लोक ती फोडून टाका म्हणतात. जाळीच्या फटी बारा मिलिमीटरपेक्षा रुंद नसाव्यात आणि चालण्याच्या दिशेला आडव्या असाव्यात, म्हणजे काठीचे टोक किंवा खुर्चीचे चाक त्यांत अडकणार नाही. गटारीवरील फरश्यांचे तेच. एखादी फरशी गटार साफ करताना उचलली जाते आणि तिरकी परत ठेवली जाते, किंवा ठेवलीच जात नाही. डोळस माणूस ती टाळून जातो, म्हणून तक्रारही होत नाही.

तकतकीत ग्रॅनाइट आणि गुळगुळीत टाइल्स आपल्या हवामानात वापरू नयेत, आणि पेव्हर ब्लॉकवर श्रावणापर्यंत हिरवे शेवाळ चढतेच. तेव्हा पृष्ठभाग खरखरीत हवा आणि तो घासून घेण्याची तरतूद देखभालीच्या ठेक्यात लिहिलेली हवी. दुकानांच्या पायऱ्या पाणी आत शिरू नये म्हणून उंच ठेवाव्या लागतात हे समजण्यासारखे आहे. त्या पाडा असे मी म्हणणार नाही. हलवता येणारा लाकडी किंवा ॲल्युमिनियमचा उतार दुकानात ठेवता येतो. तो फार महाग नसतो.

प्रश्न : मला जन्मापासून ऐकू येत नाही. टिळकवाडीत चालताना मागून येणारे दुचाकीस्वार हॉर्न वाजवतात आणि मी बाजूला झालो नाही म्हणून चिडतात. सामायिक रस्त्यावर तर वाहने सगळीकडूनच येणार. मग माझे काय?

उत्तर : आपल्या प्रश्नाने संपूर्ण विषयाचा केंद्रबिंदू पकडला आहे. सामायिक रस्त्याचा पहिला नियम असा की, तेथे पादचाऱ्याने बाजूला व्हायचे नसते, चालकाने थांबायचे असते. हे फलक लावून होत नाही, वेग उतरवूनच होते. ताशी ३० किलोमीटर वेगाने जाणाऱ्या चालकाला धोका दिसल्यापासून भानावर येण्यास एक सेकंद लागतो असे धरले, तर कोरड्या रस्त्यावर गाडी सुमारे तेरा मीटरमध्ये थांबते. ५० च्या वेगाने तीच गाडी थांबायला अठ्ठावीस मीटर घेते. म्हणजे पंधरा मीटरवर आपण पाठमोरे चालत असाल, तर पहिला चालक आपल्या मागे थांबलेला असेल आणि दुसऱ्याने त्या ठिकाणी जेमतेम ब्रेक दाबलेला असेल. २०२० च्या फेब्रुवारीत स्टॉकहोम येथे झालेल्या जागतिक रस्ते सुरक्षा परिषदेने, जेथे माणसे आणि वाहने एकत्र येतात तेथे ताशी ३० हीच कमाल मर्यादा असावी असे जाहीर केले. बाजाराच्या गल्लीत ती याहूनही कमी, दहा-पंधरा असावी असे मला वाटते.

वेग उतरतो तो रस्त्याच्या घडणीमुळे. गल्लीच्या तोंडाशीच उंचवटा, मधे नजर लांबवर जाऊ न देणारी वळणे, फरशीचा बदललेला पोत आणि सगळ्यात महत्त्वाचे म्हणजे आरपार जाण्याचा मार्ग बंद. दोन मोठ्या रस्त्यांना जोडणारा आडमार्ग म्हणून गल्ली वापरली जात राहिली, तर तेथे कितीही सुंदर फरशी घाला, काही साधणार नाही. विजेवर चालणाऱ्या दुचाकी आवाज करत नाहीत, त्यामुळे आता ऐकू येणाऱ्यांनाही मागचे वाहन कळेनासे झाले आहे. आपली अडचण ही आता केवळ आपली राहिलेली नाही.

प्रश्न : निपाणीच्या बाजारात मी भाजी विकते. रस्ता सर्वांचा म्हणतात आणि पहिल्यांदा आम्हालाच उठवतात. आम्ही कोठे बसायचे?

उत्तर : रस्ता सर्वांचा म्हणताना त्यात आपणही आहात. पथविक्रेत्यांविषयीचा २०१४ चा केंद्रीय कायदा सांगतो की, गावातील विक्रेत्यांची पाहणी होऊन प्रमाणपत्रे दिली जाईपर्यंत कोणालाही उठविता येत नाही, आणि त्यानंतरही जागा बदलायची झाल्यास तीस दिवसांची नोटीस द्यावी लागते. नगर पथविक्रेता समितीत निदान चाळीस टक्के सदस्य विक्रेत्यांनी निवडून दिलेले असावेत, त्यांतील एक तृतीयांश स्त्रिया असाव्यात आणि दिव्यांग विक्रेत्यांनाही स्थान मिळावे, अशी तरतूद त्यात आहे. निपाणीत ही समिती कोणती, तिच्यावर आपल्या बाजूने कोण आहे, हे आपण आणि आपल्या शेजारणींनी नगरसभेत जाऊन विचारावे.

दुसरी बाजूही तितक्याच स्पष्टपणे सांगणे माझे कर्तव्य आहे. सर्वोच्च न्यायालयाने १४ मे २०२५ रोजी सांगितले की, पदपथ वापरण्याचा पादचाऱ्यांचा हक्क हा घटनेच्या २१ व्या अनुच्छेदातील जगण्याच्या हक्काचा भाग आहे, पदपथ दिव्यांगांना वापरता येण्याजोगे असले पाहिजेत आणि त्यांवरील अतिक्रमणे हटविली पाहिजेत. हे दोन्ही हक्क एकाच रस्त्यावर नांदू शकतात, पण त्यासाठी नकाशातच दोघांना जागा लागते. झाडे, दिव्याचे खांब आणि बाके ज्या रेषेत असतात त्याच रेषेत, म्हणजे चालण्याचा पट्टा आणि वाहनांची वाट यांच्या मधल्या पट्ट्यात, विक्रेत्यांसाठी आखून दिलेल्या जागा असाव्यात. पाटी आणि छत्री त्या आखणीच्या आत राहावी. छत्रीची कड व तिची दोरी चालणाऱ्याच्या डोक्याला लागू नये, म्हणून चालण्याच्या पट्ट्यावर २.२ मीटर उंचीपर्यंत काहीही लोंबता कामा नये. काठीला जमिनीवरचे अडथळे कळतात. कपाळाशी येणारी दोरी कळत नाही.

आणखी एक गोष्ट मला आवर्जून नोंदवावीशी वाटते. कोथिंबिरीचा वास, ठराविक आवाजातील हाळी, फुलवालीची ठरलेली जागा यांवरून दृष्टिहीन माणसे बाजारातील ठिकाणे ओळखतात, आणि संध्याकाळी एकट्या चालणाऱ्या मुलीला विक्रेत्यांमुळे रस्ता निर्मनुष्य वाटत नाही. विक्रेते हटवून ओस पाडलेला रस्ता अधिक सुगम होतो, असे मी मानत नाही.

प्रश्न : आमच्या वसाहतीतील पदपथावर पिवळ्या फरश्यांची रांग थेट विजेच्या खांबावर जाऊन थांबते. तक्रार कोणाकडे करावी? आणि ती कन्नडमध्येच करावी लागते काय? (अनगोळ)

उत्तर : प्रथम महानगरपालिकेच्या आयुक्तांकडे लेखी तक्रार करावी, सोबत छायाचित्र आणि जागेची नेमकी खूण द्यावी, आणि पोच घेतल्याशिवाय परतू नये. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम ४१ मध्ये सुगम रस्त्यांची तरतूद करण्याचे काम शासनावर सोपविलेले आहे. वाजवी मुदतीत उत्तर न आल्यास बेंगळुरू येथील राज्य दिव्यांग आयुक्तांकडे जाता येते. सर्वोच्च न्यायालयाने ८ नोव्हेंबर २०२४ रोजी राजीव रतुरी यांच्या प्रकरणात असे म्हटले की, सुगमतेची मानके केवळ शिफारशी म्हणून ठेवणे या कायद्याशी विसंगत आहे, ती बंधनकारक असली पाहिजेत. ‘जमेल तसे करू’ हे उत्तर त्यामुळे आता पुरेसे नाही.

भाषेविषयी घटनेचा ३५० वा अनुच्छेद निःसंदिग्ध आहे. गाऱ्हाणे दूर करण्यासाठीचे निवेदन संघराज्यात किंवा राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत देण्याचा प्रत्येकाला हक्क आहे. आपण मराठीत लिहू शकता. सोबत कन्नड प्रत जोडल्यास काम लवकर पुढे सरकते, असा व्यावहारिक सल्ला मी देईन, आणि त्यात कमीपणा मानण्याचे कारण नाही. खांबाला धडकणाऱ्या माणसाची मातृभाषा कोणती आहे याने त्याच्या कपाळाला होणारी जखम बदलत नाही. रस्त्यावरील मार्गदर्शक खुणांबाबतही हेच धोरण असावे. ज्याला वाचता येत नाही, ज्याला फक्त एकच लिपी येते आणि जो गोव्याहून किंवा कोल्हापूरहून दवाखान्यासाठी आलेला आहे, अशा सर्वांना मोठे आणि ठसठशीत चित्र कळते.

प्रश्न : मी वडगाव येथील सत्तरी ओलांडलेली गृहिणी आहे. गुडघ्यांमुळे मला थोडे चालले की बसावे लागते. याचा रस्त्याशी काही संबंध आहे काय?

उत्तर : थेट संबंध आहे, आजी. बसायला जागा नाही म्हणून घराबाहेर पडणे सोडलेली कितीतरी वडीलधारी माणसे असतात आणि ती कोणत्याही मोजणीत येत नाहीत. सुमारे पन्नास मीटरच्या अंतराने, शक्यतो सावलीत, पाठ टेकता येईल आणि उठताना हाताला आधार मिळेल असे बाक हवे. त्याची उंची साधारण ४५ सेंटिमीटर असावी आणि शेजारी चाकाची खुर्ची उभी राहील एवढी मोकळी जागा सोडलेली असावी.

प्रश्न : गणेशोत्सवात आणि शिवजयंतीच्या चित्ररथ मिरवणुकीत आमच्या गल्ल्या मंडप व गर्दीने भरून जातात. त्या दिवसांत सुगमतेचा आग्रह धरणे म्हणजे उत्सवाला विरोध करणे नव्हे काय? (एका मंडळाचे कार्यकर्ते, बेळगाव)

उत्तर : मुळीच नव्हे. उत्सव सार्वजनिक म्हणायचा असेल तर त्यात सर्वांना येता आले पाहिजे, एवढाच हा आग्रह आहे. मंडपाच्या एका बाजूने १.८ मीटरची वाट मोकळी ठेवावी, ताणाच्या दोऱ्या आणि बांबू त्या वाटेत येऊ देऊ नयेत, जनित्राच्या तारा जमिनीवरून न्याव्याच लागल्या तर त्यांवर उतरती पट्टी घालावी. खांबांसाठी खणलेले खड्डे उत्सव संपल्यावर त्याच आठवड्यात बुजवावेत. दिवाळीपर्यंत उघडे राहिलेले हे खड्डे अनेकांना पाडतात. मिरवणुकीच्या मार्गावर चाकाच्या खुर्च्यांसाठी आणि वृद्धांसाठी ध्वनिवर्धकांपासून दूर एक उंच, कठडा असलेली जागा राखली, तर ज्यांनी कित्येक वर्षे चित्ररथ केवळ छायाचित्रांत पाहिले ते प्रत्यक्ष येतील. आपल्या मंडळाने हे यंदा करून दाखवावे, इतर मंडळे आपोआप मागे येतील.

प्रश्न : चिकोडीत आमच्या प्रभागात रस्त्याचे काम मंजूर झाले आहे. काम नीट होईल हे सामान्य नागरिकांनी कसे पाहावे?

उत्तर : काम सुरू होण्यापूर्वी नकाशा मागवा. मिळाला नाही तर माहितीच्या अधिकाराच्या २००५ च्या कायद्याखाली अर्ज करा. नकाशात पदपथाची मोकळी रुंदी, कडेची उंची, उतारांची लांबी आणि पाण्याच्या जाळ्यांच्या जागा आकड्यांत लिहिलेल्या आहेत काय, ते पाहा. केवळ रंगीत चित्र दाखविले तर त्यावर समाधान मानू नका. नंतर आपल्या प्रभागातील काठी वापरणारी एखादी व्यक्ती, चाकाची खुर्ची वापरणारी एखादी व्यक्ती, तान्हे मूल घेतलेली आई आणि अभियंता यांना एकत्र त्या रस्त्यावरून चालत न्या. ही फेरी दोनदा व्हावी, एकदा बाजार भरलेला असताना आणि एकदा दिवेलागणीनंतर, कारण झाडाच्या सावलीत दिव्याचा उजेड पोहोचत नाही हे दिवसा कळत नाही. जेथे जेथे अडले ती प्रत्येक जागा खडूने किंवा रंगाने तेथल्या तेथे आखून घ्यावी आणि अभियंत्याची सही असलेली यादी करावी.

फरश्या बसविण्याआधी दहा मीटरचा नमुना तयार करून घेण्याचा आग्रह धरा आणि त्यावर पाणी ओतून पाहा. पाणी कोठे थांबते, पाय घसरतो काय, काठीला कड लागते काय, हे त्या दहा मीटरमध्ये कळते आणि तेव्हा दुरुस्तीला फारसा खर्च येत नाही. ठेकेदाराचे शेवटचे देयक निघण्यापूर्वी तीच मंडळी तीच यादी घेऊन पुन्हा चालली पाहिजेत, असे प्रभागाच्या बैठकीच्या इतिवृत्तात लिहून घ्या.